विहीणबाईंच्या डब्यातला कागद: लॉयलिस्ट घराण्याचा माग जमिनीवरून कसा काढावा

माझी लेक कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या किंग्स्टनजवळ राहते. तिच्या सासरचं घराणं बे ऑफ क्विंटीच्या काठचं, तिथे रुजल्याला जवळजवळ अडीचशे वर्षं झालेलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विहीणबाईंनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. जुन्या वळणाचं इंग्रजी, एका बाईचं नाव, तिच्या नवऱ्याचं, तिच्या वडिलांचं, आणि शेवटी दोनशे एकर. "हे नेमकं काय आहे, आमच्यात कुणालाच उलगडलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मी एकतीस वर्षं भूमी अभिलेख कार्यालयात काढलेली. इंग्रजी वळण परकं होतं, पण कागदाची जात ओळखीची होती. तो जमीन देण्याचा हुकूम होता, आणि त्याच्या एका ओळीत तीन माणसांची नाती बांधलेली होती. त्या दिवसापासून आम्ही दोघींनी मिळून ते घराणं १७८४ पर्यंत मागे नेलं. अशी सोयरीक झालेली आणखी चार-पाच मराठी घरं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांची नातवंडं विचारू लागली आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी हे लोक कोण, ते थोडक्यात. १७७५ ते १७८३ या काळात अमेरिकेतल्या तेरा वसाहती ब्रिटिश राजाविरुद्ध लढल्या. त्या वसाहतींतले जे लोक राजाच्या बाजूने राहिले, ते लॉयलिस्ट, म्हणजे राजनिष्ठ. ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहाने युद्ध संपलं तेव्हा त्यांतल्या हजारोंची घरं-शेतं जप्त झालेली होती. ब्रिटिश सेनापती सर गाय कार्लटन न्यूयॉर्कहून जहाजांमागून जहाजं भरून त्यांना उत्तरेकडे पाठवत होता. २५ नोव्हेंबर १७८३ रोजी ब्रिटिशांनी ते शहर सोडलं. (यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण गेलेला कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, एवढी या दोन इतिहासांची जवळीक.) पुढे हाच कार्लटन लॉर्ड डॉर्चेस्टर या नावाने क्वेबेकचा गव्हर्नर झाला. ९ नोव्हेंबर १७८९ रोजी त्याच्या कौन्सिलने ठरवलं की साम्राज्याच्या एकीसाठी उभ्या राहिलेल्या या घराण्यांची वेगळी नोंद ठेवायची. त्यातूनच नावापुढे 'यू.ई.', म्हणजे युनायटेड एम्पायर, ही अक्षरं आली. त्याच ठरावाने त्यांच्या मुलांना दोनशे-दोनशे एकर देऊ केले. आपल्या शोधाचा सगळा डोलारा या दोनशे एकरांवर उभा आहे.

पायरी १: घरापासून मागे चला

नवखा माणूस हटकून एक चूक करतो. लॉयलिस्टांच्या छापील यादीत आपलं आडनाव शोधतो, सापडलं की तोच आपला पूर्वज मानतो आणि तिथून खाली वंशावळ उतरवत येतो. असं करू नका. एकाच आडनावाची चार घराणी शेजारच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे जमीन मोजून आखलेल्या शेजारच्या विभागात, असतात आणि चुकीच्या माणसाची वंशावळ सुबक तयार होते. आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे चला, आणि प्रत्येक पिढीला एकच प्रश्न विचारा: हा माणूस या आई-बापांचं मूल आहे हे कुठला कागद सांगतो?

ऑन्टॅरिओत जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८६९ पासून सुरू झाली. तिथपर्यंतचं काम सोपं. लग्नाच्या नोंदीत वधू-वरांच्या आई-वडिलांची नावं असतात, म्हणून आधी लग्नाची नोंद शोधा. १८५८ पासूनच्या काउंटीच्या लग्नवह्यांतही आई-वडील मिळतात. त्याआधीच्या, १८३१ पासूनच्या जिल्हावार लग्नवह्यांत वधू-वर आणि साक्षीदार मिळतात, पण आई-वडील बहुधा नसतात. जनगणनेत घरातल्या माणसांची नावं १८५१ पासून मिळतात. ती जनगणना प्रत्यक्षात जानेवारी १८५२ मध्ये झाली आणि त्यात वय पुढच्या वाढदिवसाचं लिहिलेलं आहे, म्हणून जन्मवर्ष काढताना एकाचा फरक धरा. काही टाउनशिपची त्या वर्षीची पानं हरवलेली आहेत. तुमची त्यात असली तर १८६१ कडे वळा.

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खातं उघडलं की यातलं बरंच काही घरबसल्या दिसतं. एक वही घाला. प्रत्येक नोंदीखाली ती कुठल्या दप्तरातली, कुठल्या पानावरची हे त्याच क्षणी लिहा. मी हे पहिल्या आठवड्यात केलं नाही, आणि एक बाप्तिस्म्याची नोंद पुन्हा शोधायला मला दोन दिवस लागले.

पायरी २: जमिनीचे अर्ज

१८५० च्या मागे गेलात की अंधार सुरू होतो. सरकारी जन्मनोंद नाही, नावनिशीवार जनगणना नाही, पाद्री मोजके. अपर कॅनडात, म्हणजे आजच्या दक्षिण ऑन्टॅरिओत, सुरुवातीला प्रोटेस्टंट पाद्र्यांपैकी लग्न लावायचा अधिकार अँग्लिकनांनाच होता. १७९८ मध्ये तो लुथरन आणि प्रेस्बिटेरियन पाद्र्यांना मिळाला, मेथडिस्टांना थेट १८३१ मध्ये. त्यामुळे कितीतरी लग्नांचा कागद उरलेलाच नाही. पण जमीन सगळ्यांनाच हवी होती, आणि जमिनीसाठी अर्ज करावा लागत होता.

हे अर्ज 'अपर कॅनडा लँड पिटिशन्स' या नावाने ओटावाच्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडात आहेत. नावांची सूची त्यांच्या संकेतस्थळावर आहे. सूचीत खंड, बंडल आणि अर्जाचा क्रमांक मिळतो. तो घेऊन मायक्रोफिल्मच्या डिजिटल प्रतीत पान गाठायचं. या प्रती हेरिटेज कॅनडियाना या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. बंडलं आडनावाच्या आद्याक्षरावरून आणि काळावरून लावलेली आहेत, हे एकदा कळलं की पानं उलटणं जड जात नाही.

लॉयलिस्टाचा मुलगा सज्ञान झाला की, आणि मुलगी सज्ञान झाली किंवा तिचं लग्न झालं की, दोनशे एकरांची हक्कदार. मुलीचा अर्ज साधारण असा असतो: अर्जदार अमुक टाउनशिपमधल्या अमक्याची बायको, तमुक टाउनशिपच्या तमक्या यू.ई. लॉयलिस्टाची मुलगी, सरकारकडून आजवर जमीन मिळालेली नाही, तरी मेहेरबानी व्हावी. माहेरचं नाव, सासरचं नाव, बापाचं नाव आणि दोन्ही गावं, सगळं एका अर्जात. विहीणबाईंच्या डब्यातला कागद अशाच एका अर्जावरचा हुकूम होता. यादीत अशा बायकांपुढे 'डी.यू.ई.' (डॉटर, म्हणजे यू.ई. ची मुलगी) आणि मुलग्यांपुढे 'एस.यू.ई.' (सन, म्हणजे मुलगा) लिहिलेलं दिसतं. ही अक्षरं दिसली की तिथेच थांबून नीट वाचा.

इथे मला आपले कुलवृत्तांत आठवतात. माझ्या माहेरच्या जुन्या कुलवृत्तांतात पणजोबांचे सगळे भाऊ आहेत; त्यांच्या बहिणींची संख्या आहे, नावं नाहीत. त्या कुठे गेल्या, कुणाच्या आया झाल्या, कुणी लिहून ठेवलं नाही. आणि इकडे १८०० च्या आसपास, जंगलात ओंडक्यांच्या घरात राहणारी, सही येत नाही म्हणून फुली मारणारी बाई स्वतःच्या नावाने जमीन मागते आहे, म्हणून ती आज सापडते. वंशावळ काढताना मुलांचे अर्ज सोपे म्हणून आधी काढू नका. मुलींचे काढा. एका बापाच्या पाच मुलींचे पाच अर्ज मिळाले की त्या बापाचं घर उभं राहतं.

अर्ज वाचताना तीन गोष्टी सांभाळा.

कागद उलटा करून मागची बाजू वाचा. डिजिटल प्रतीत ती पुढच्या चित्रात असते. अर्ज कुणी तपासला, मंजूर झाला की नाही, कोणत्या तारखेला, हे मागे असतं. जोडलेला मॅजिस्ट्रेटचा दाखलाही तिथेच सापडतो.

हुकुमाच्या तारखेवरून जन्मवर्षाचा अंदाज बांधता येतो, पण एकाच बाजूने. मुलाला १८०७ मध्ये हुकूम मिळाला तर तो १७८६ किंवा त्याआधी जन्मला, एवढंच नक्की. कित्येकांनी सज्ञान झाल्यावर वीस वर्षांनी अर्ज केला. लग्न झालेली मुलगी तर एकवीस पुरी नसतानाही अर्ज करू शकत होती.

आणि मिळालेली जमीन म्हणजे राहतं गाव नव्हे. मुलांच्या पिढीपर्यंत जुन्या टाउनशिप भरल्या होत्या. त्यांना दूरच्या, न पाहिलेल्या टाउनशिपमध्ये जमीन मिळाली आणि पुष्कळांनी ती पाहण्याआधीच विकून टाकली. सनद कुठल्या टाउनशिपची यावरून कुटुंब तिकडे गेलं असं मांडू नका. अर्जात स्वतःचा राहता पत्ता काय दिलाय, तो धरा.

आडनावांबद्दलही सांगते. या लोकांत इंग्रजांबरोबरच न्यूयॉर्ककडचे डच आणि मोहॉक खोऱ्यातले जर्मन होते. लिहिणारा कारकून इंग्रज. त्याने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. म्हणून आडनाव मोठ्याने उच्चारा आणि ते ज्या ज्या अक्षरांनी सुरू होऊ शकेल त्या सगळ्या बंडलांत पाहा. मोडीतला मजकूर बाळबोधीत उतरवताना जे कष्ट पडतात, त्याच जातीचे हे कष्ट आहेत.

पायरी ३: पहिला माणूस पक्का करा

मुलांच्या अर्जांनी बापाचं नाव दिलं की तो खरोखर लॉयलिस्ट होता का, ते वेगळं सिद्ध करायचं. यू.ई. यादीच्या दोन प्रती होत्या, एक एक्झिक्युटिव्ह कौन्सिलची आणि एक क्राउन लँड्स खात्याची. दुसरी १८८४ च्या शताब्दीनिमित्त निघालेल्या खंडात १८८५ मध्ये छापली गेली. यादीत नाव असणं ही सुरुवात. नावापुढे काही ठिकाणी नाव काढून टाकल्याचा किंवा हक्क स्थगित केल्याचा शेरा असतो, तो वाचायला विसरू नका.

मग त्याच्या पलटणीचा हजेरीपट. सर जॉन जॉन्सनची किंग्ज रॉयल रेजिमेंट ऑफ न्यूयॉर्क, नायगाराकडची बटलर्स रेंजर्स, जेसपची लॉयल रेंजर्स, सिमकोची क्वीन्स रेंजर्स अशा लॉयलिस्टांच्या पलटणी होत्या. हजेरीपट आणि शिधावाटपाच्या याद्या हाल्डिमंड पेपर्समध्ये आहेत. हाल्डिमंड हा १७७८ पासून क्वेबेकचा गव्हर्नर. त्याचं मूळ दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, मायक्रोफिल्म ओटावात. शिध्याच्या यादीत पुरुष, बायका, मुलं, नोकर असे रकाने असतात. १७८४ मध्ये त्या घरात किती तोंडं होती हे त्यावरून कळतं, आणि त्यावरून कुठली मुलं वसाहतीतून आली आणि कुठली इथे जन्मली, याचा ताळा घालता येतो.

गमावलेल्या मालमत्तेच्या भरपाईचे दावे लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, ए.ओ. १२ आणि ए.ओ. १३ या मालिकांत आहेत. दावे तीन हजारांहून अधिक आले. म्हणजे बहुसंख्य कुटुंबांनी दावा केलाच नाही. तुमचं नाव तिथे नसलं तर निराश होऊ नका. असलं, तर मात्र गायी किती, नांगर किती, पेरलेला गहू किती इथवर तपशील मिळतो, आणि जुन्या गावाचं नावही.

एक सापळा. १७९२ मध्ये अपर कॅनडाचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर सिमको याने जाहीरनामा काढून अमेरिकेतून येणाऱ्यांना जमीन देऊ केली. तेव्हा आलेले पुष्कळ जण आज घरच्या आठवणीत 'लॉयलिस्ट' म्हणून ओळखले जातात. ते होते वसाहतकार, पण यू.ई. नव्हेत. लॉरा सेकॉर्डचं उदाहरण घ्या. १८१२ च्या युद्धातल्या तिच्या धाडसासाठी सगळा कॅनडा तिला ओळखतो. तिचे वडील थॉमस इंगरसॉल अमेरिकेच्या बाजूने लढलेले, १७९५ मध्ये अपर कॅनडात आले. तिचा नवरा जेम्स सेकॉर्ड मात्र लॉयलिस्ट घरातला. त्यांच्या वंशजांचा यू.ई. धागा जातो तो जेम्सकडून.

पायरी ४: त्या माणसाला जमिनीवर उभं करा

बे ऑफ क्विंटीकडे आलेले लोक १७८३-८४ चा हिवाळा सेंट लॉरेन्स नदीकाठी सोरेलला काढून वसंतात सपाट बुडाच्या होड्यांतून वर आले. कॉर्नवॉलकडच्या आठ रॉयल टाउनशिप आणि किंग्स्टनपासूनच्या पाच कॅटरॅक्वी टाउनशिप त्यांच्यासाठी आखल्या होत्या. पीटर व्हॅन अल्स्टाइनची सुमारे २५० माणसांची तुकडी १६ जून १७८४ रोजी चौथ्या टाउनशिपच्या किनाऱ्याला लागली. ती पुढे अडॉल्फसटाउन झाली. चिठ्ठ्या टाकून लॉट वाटले गेले. कुटुंबप्रमुखाला १०० एकर, घरातल्या प्रत्येक माणसामागे ५०, अधिकाऱ्यांना हुद्द्याप्रमाणे जास्त. एकराचे चाळीस गुंठे धरा. गुंठ्याकरता भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला हे आकडे वाचून क्षणभर थांबावं लागतं.

इथला पत्ता तीन भागांचा असतो: टाउनशिप, कन्सेशन, लॉट. पाण्यापासून आत जाणाऱ्या ओळी म्हणजे कन्सेशन, ओळीतला तुकडा म्हणजे लॉट. हा पत्ता मिळाला की तुमच्या हातात गट नंबर आला असं समजा. लॉटवार व्यवहारांची सूची 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट इंडेक्स' नावाच्या वहीत असते. आपल्या फेरफार वहीशी तिचं इतकं साम्य आहे की मला ती कुणी शिकवावी लागली नाही: सनद कुणाला, कोणत्या साली, मग कुणाकडून कुणाला, विक्री की मृत्युपत्र. या वह्या ऑनलँड या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. मृत्युपत्राची ओळ दिसली की ते काढाच. 'माझी मुलगी अमुक, तमक्याची बायको' अशी वाक्यं तिथे मिळतात.

मूळ माणूस सनद मिळण्याआधीच वारला किंवा चिठ्ठी विकून मोकळा झाला, असं फार झालं. त्यासाठी १७९७ पासून हेअर अँड डिव्हायझी कमिशन बसलं. वारस कोण, हक्क कुणाचा हे ठरवणारी ती वारसनोंदच. पहिल्या सनदेवर अनोळखी नाव दिसलं तर उत्तर बहुधा या कमिशनच्या कागदांत असतं.

या जमिनीबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ती रिकामी नव्हती. ऑक्टोबर १७८३ मध्ये कॅप्टन क्रॉफर्डने मिसिसॉगा या तिथल्या मूलनिवासी लोकांकडून ती राजासाठी घेतली, मोबदला वस्तूंच्या रूपात. आणि स्वतःची भूमी गमावून आलेल्या लॉयलिस्टांत मोहॉक हे मूलनिवासीही होते: जॉन डेझरॉन्टोची माणसं मे १७८४ मध्ये क्विंटीच्या किनाऱ्याला, आजच्या टायेंडिनागाला उतरली, जोसेफ ब्रँटबरोबरच्यांना २५ ऑक्टोबर १७८४ च्या हाल्डिमंडच्या जाहीरनाम्याने ग्रँड नदीकाठ मिळाला. शिध्याच्या यादीतले 'नोकर' कित्येकदा गुलाम होते. १७९३ च्या कायद्याने नवे गुलाम आणणं थांबलं, असलेले मुक्त झाले नाहीत. तुमच्या घराण्याच्या रकान्यात तो आकडा आला तर तोही वंशावळीच्या वहीत उतरवा. नाव असलं तर नावानिशी.

पायरी ५: चर्चच्या वह्या आणि शेजारी

किंग्स्टनचे जॉन स्टुअर्ट, अर्नेस्टटाउन-फ्रेडरिक्सबर्गकडचे जॉन लँगहॉर्न, प्रेस्बिटेरियन रॉबर्ट मॅकडॉवल या पाद्र्यांच्या वह्या टिकल्या आहेत आणि छापल्याही गेल्या आहेत. कुटुंब कुठल्या पंथाचं यावर अडून बसू नका. पाद्री जो आला त्याच्याकडून बाप्तिस्मा, अशी तेव्हाची गत होती.

एकाच नावाची दोन माणसं वेगळी करायची तर शेजारी पाहा. एका पलटणीतले लोक एका टाउनशिपमध्ये बसवले गेले, त्यांच्या मुलांची लग्नं आपसात झाली, एकमेकांच्या कागदांवर त्यांनीच साक्षी केल्या. साक्षीदारांची नावं वहीत वेगळ्या पानावर लिहीत जा. विहीणबाईंच्या घराण्यात दोन सख्खे चुलतभाऊ एकाच नावाचे निघाले. एक सही करायचा, दुसरा फुली मारायचा. त्यावरून सुटलं.

प्रत्यक्ष जाणं जमलं तर नॅपनीला, जुन्या तुरुंगाच्या दगडी इमारतीत लेनॉक्स अँड अ‍ॅडिंग्टन काउंटीचं संग्रहालय आणि दप्तरखाना आहे, तिथे एक दिवस द्या. अडॉल्फसटाउनला उतरणीच्या जागी १८८४ मध्ये उभारलेला स्तंभ आहे, शेजारी त्यांचं दफनस्थान.

तुमचं घराणं ऑन्टॅरिओचं नसेल तर

सगळ्यात जास्त लॉयलिस्ट समुद्रमार्गे नोव्हा स्कोशियाला गेले. त्यातूनच १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक वेगळा झाला. तिथले जमिनीचे अर्ज फ्रेडरिक्टनच्या प्रांतिक दप्तरखान्यात आहेत. काही घराणी आधी तिथे बसली आणि मग पुन्हा उठली. पुढे ऑन्टॅरिओच्या शिक्षणखात्याचे प्रमुख झालेले एगर्टन रायर्सन यांचे वडील न्यू जर्सीचे, आधी न्यू ब्रन्सविकला गेले आणि मग अपर कॅनडात आले. धागा मध्येच तुटला तर दुसऱ्या प्रांताकडे बघा.

कृष्णवर्णीय लॉयलिस्टांसाठी १७८३ मध्ये न्यूयॉर्कला तयार झालेली 'बुक ऑफ नीग्रोज' ही वही आहे. सुमारे तीन हजार माणसं: नाव, वय, वर्णन, आधी कुणाच्या ताब्यात होती, कुठल्या जहाजाने कुठे गेली. त्यांतले पुष्कळ नोव्हा स्कोशियात शेलबर्नजवळच्या बर्चटाउनला बसले. कबूल केलेली जमीन कित्येकांना मिळालीच नाही, आणि १७९२ मध्ये सुमारे १,२०० जण सिएरा लिओनला निघून गेले. जमिनीचा कागद नसला तर माग अवघड होतो, तो इथे.

पायरी ६: दाखला

युनायटेड एम्पायर लॉयलिस्ट्स असोसिएशन ऑफ कॅनडा ही १९१४ ची संस्था वंशज असल्याचं प्रमाणपत्र देते. आधी तिच्या संकेतस्थळावरची लॉयलिस्टांची सूची पाहा, मग जवळच्या शाखेला लिहा. तिथे वंशावळ तपासणारी जाणती माणसं असतात. पूर्वज १९ एप्रिल १७७५ ला वसाहतीत राहत होता, तहाआधी राजाच्या बाजूला आला आणि ब्रिटिश मुलखात वसला, हे दाखवायचं, आणि तिथून आजपर्यंत प्रत्येक पिढीचा आई-बाप-मूल असा पुरावा जोडायचा. धागा मुलाकडून गेला की मुलीकडून, फरक पडत नाही.

माझ्या नातीच्या अर्जात आठ पिढ्या आहेत, त्यातल्या तीन जागी धागा बायकांकडून जातो. शेवटचं नाव माझ्या जावयाचं, आणि त्याशेजारी माझ्या लेकीचं, माहेरच्या आडनावासकट.

डब्यातल्या कागदावरची जमीन दूरच्या टाउनशिपची निघाली. ती बाई तिथे कधी गेली की नाही, ते अजून आम्हाला कळलेलं नाही. लॉट नंबर मिळाला आहे. त्याची अ‍ॅबस्ट्रॅक्ट वही उघडायची आहे, आणि जून लागला की आम्ही दोघी विहिणी तिकडे जाऊन येणार आहोत.